पाव टक्क्याचे गणित

उधारी आपल्या भागाला नवी नाही. किराणा दुकानातली लाल वही, पेरणीच्या तोंडावर घेतलेली उचल, लग्नकार्यासाठी गहाण पडलेला दागिना, ह्यांच्या आधारावर निपाणी-बेळगावची कितीतरी घरे उभी राहिली. त्यामुळे क्रेडिट कार्ड हे आकाशातून पडलेले संकट आहे असे मी मानत नाही. तो उधारीचाच नवा अवतार आहे. फरक एवढाच की वहीचा धनी समोर गादीवर बसलेला असे. त्याच्याशी हुज्जत घालता येई, दिवाळीपर्यंत मुदत मागता येई. कार्डाचा धनी दिसत नाही. त्याची येते ती फक्त सूचना.

अशाच एका सूचनेने मला हा लेख लिहावयास लावले. माझा चुलतभाऊ उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीला आहे. घरातल्या आजारपणात त्याच्या कार्डावर 20,000 रुपयांची बाकी झाली. दरमहा 1,000 रुपये तो न चुकता भरतो. मध्यंतरी त्याच्या मोबाईलवर इंग्रजीत एक संदेश आला : व्याजाचा दर महिना साडेतीन टक्क्यांवरून पावणेचार टक्के होणार. घरात वाणिज्य शाखेला मी एकटीच, म्हणून वाचण्यासाठी तो माझ्याकडे आला. मी अर्थ सांगितला तेव्हा दादा चक्क हसला.

"पाव टक्काच वाढलाय की गं! पाव टक्क्यानं काय होतंय?"

प्रश्न साधा होता. परंतु तो एकट्या दादाचा नाही. कार्डावर बाकी ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तोच असतो, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांत देणे बरे.

वीस हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याचे व्याज 700 रुपये. ह्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, तो 126 रुपये. एकूण 826. दादा 1,000 रुपये भरतो, त्यांतून हे वजा जाता मुद्दलात जमा होतात 174 रुपये. आता दर पावणेचार टक्के करा. व्याज 750, जीएसटी 135, एकूण 885. मुद्दलात जमा होतात फक्त 115 रुपये. दर वाढला पाव टक्क्याने, पण मुद्दल फेडण्याचा वेग पहिल्या महिन्यातच एकतृतीयांशाने घटला! कारण उघड आहे. वाढलेले व्याज आपल्या हप्त्याच्या वरच्या भागातून जात नाही. मुद्दलाच्या वाट्याला जो थोडासा तुकडा येतो, त्यालाच ते कुरतडते.

पुढचा हिशेब मी वहीत शेवटपर्यंत मांडला. कार्डावर एका रुपयाचीही नवी खरेदी न करता दरमहा 1,000 रुपये भरत राहिले, तर जुन्या दराने कर्ज फिटण्यास सुमारे 43 महिने लागतात आणि एकूण सुमारे 43,200 रुपये द्यावे लागतात. नव्या दराने 50 महिने लागतात आणि जवळजवळ 50,000 रुपये जातात. म्हणजे पाव टक्क्याची किंमत सात महिने आणि सहा हजार सातशे रुपये. कर्ज मात्र तेच, वीस हजार.

कन्नड भाषेत कर्जाला 'साल' म्हणतात आणि आपल्या मराठीत साल म्हणजे वर्ष. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना हा योगायोग चांगलाच समजतो : एक साल घेतले की किती साले फेडत बसावे लागेल, हे दर ठरवणाऱ्याच्या हाती असते.

अशा वेळी वडीलधारी मंडळी एक उपदेश हमखास करतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत. कन्नडमध्येही हीच म्हण आहे, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. सीमेच्या दोन्ही बाजूंचे शहाणपण ह्या बाबतीत एक आहे, आणि ते खोटे आहे असे कोण म्हणेल? मी स्वतः त्या शहाणपणातच वाढले. पण माझा प्रश्न निराळा आहे. अंथरूण पाहूनच पाय पसरले, आणि माणूस झोपी गेल्यावर कोणी येऊन अंथरूणच कापून नेले, तर दोष पायांचा कसा? दादाने बाकी केली तेव्हा दर साडेतीन टक्के होता. त्या दराने हप्ता झेपेल असा त्याचा अंदाज होता. तो अंदाज त्याने नव्हे, दुसऱ्याने मोडला. माझे म्हणणे ह्या एकाच मुद्द्यापुरते आहे : नव्या उधारीला हवा तर नवा दर लावावा, जुन्या उधारीला जुनाच दर राहिला पाहिजे.

बँकांची बाजू नाही असे नाही, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याने ती टाळणे योग्यही नव्हे. कार्डाचे कर्ज बिनतारण असते. घर नाही, सोने नाही, जामीनही नाही. बुडणाऱ्या रकमेचा भार दरात धरावाच लागतो. शिवाय 16 नोव्हेंबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने अशा ग्राहक-कर्जांसाठी बँकांना अधिक भांडवल बाजूला ठेवावे लागेल असा हुकूम काढला; कार्डाच्या येण्यावरील जोखीम-भार बँकांसाठी 125 टक्क्यांवरून 150 टक्के झाला. पैसा महाग पडू लागला की तो महाग विकला जाणार, हे ओघानेच आले. 1 नोव्हेंबर 2024 पासून एसबीआय कार्डने आपल्या बिनतारण कार्डांवरील दर महिना 3.75 टक्के केला, म्हणजे वर्षाला 45 टक्के. पुढे 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.50 वरून टप्प्याटप्प्याने 5.25 टक्क्यांवर आणला. घरासाठी बदलत्या दराचे कर्ज घेतलेल्यांना अशा कपातीचा लाभ मिळतो, कारण 2019 पासून बँकांची तशी नवी कर्जे बाहेरच्या मापदंडाशी बांधलेली आहेत. कार्डाचा दर तसा कशालाच बांधलेला नाही. पैसा महागला की दर चढण्यास वाट आहे. पैसा स्वस्त झाला की उतरलाच पाहिजे असे बंधन नाही. एकतर्फीपणा म्हणतात तो हाच.

मग कायदा काय करतो? राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने 7 जुलै 2008 रोजी निकाल दिला होता की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. त्या विरुद्ध बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनी, 20 डिसेंबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदराचे क्षेत्र रिझर्व्ह बँकेचे आहे, आयोगाला त्यात मर्यादा घालता येणार नाही, आणि अटी व दर यांची माहिती कार्डधारकांना दिलेली असते, असा त्याचा आशय आहे. बँकिंग नियमन कायद्यात 1984 पासून असलेले कलम 21 अ तर सांगते की केवळ दर जास्त आहे ह्या कारणावरून न्यायालयाने बँकेचा कर्जव्यवहार पुन्हा उघडू नये. आणि ज्या रिझर्व्ह बँकेकडे बोट दाखवले जाते, तिने आकड्यात कमाल मर्यादा ठरवलेली नाही. दर खर्चाच्या व रास्त नफ्याच्या मानाने समर्थनीय असावा, एवढेच तिचे सांगणे आहे. समर्थन करणारा कोण, तर दर लावणाराच!

2022 च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने कार्डधारकाला काही हक्क निश्चितपणे दिले आहेत, त्यांबद्दल तिला धन्यवाद दिले पाहिजेत. आकारात बदल करावयाचा तर किमान एक महिना आधी सूचना हवी. बदल मागच्या तारखेपासून लावता येत नाही. न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवता येत नाही. बदल मान्य नसेल तर जादा आकार न देता कार्ड परत करता येते. परंतु ह्या शेवटच्या हक्काला एक शेपूट आहे : आधी सर्व बाकी चुकती केली पाहिजे. वाचकहो, ह्या शेपटाचा नीट विचार करा. ज्याच्याकडे बाकी नाही, त्याला व्याजवाढीने काही बिघडत नाही. तो सहज निघून जाऊ शकतो. ज्याच्याकडे बाकी आहे, त्याच्याच मानेवर ही वाढ बसते. आणि त्याला निघता येत नाही, कारण निघण्याइतके पैसे असते तर बाकी राहिलीच नसती. दार उघडे आहे, पण ज्याला बाहेर पडायचे त्याच्याच पायात बेडी आहे.

हे अटळ आहे काय? मुळीच नाही. ज्या अमेरिकेत कार्डांचा व्यवसाय सर्वाधिक फोफावला, तिथेच 2009 साली कायदा झाला. दर वाढवण्यापूर्वी 45 दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि काही ठरावीक अपवाद सोडले तर वाढलेला दर जुन्या बाकीला लावता येत नाही. ग्राहक 60 दिवस थकला असेल तर गोष्ट वेगळी. हा कायदा होऊन तिथल्या बँका बुडाल्या नाहीत आणि कार्डेही बंद पडली नाहीत.

आणि इतके दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे दामदुप्पट नावाचा जुना नियम होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक मागता येऊ नये, असा तो नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत, आणि आपला बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबईकडेच होता. हप्त्याहप्त्याने दिलेले व्याज त्यात धरीत नसत, तेव्हा दादाला त्या नियमाचा उपयोग झाला नसता, हे मी मान्य करते. पण व्याजाला कोठेतरी कुंपण असावे ही कल्पना आपल्याला परकी नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून दख्खनचे दंगे सुरू झाले तेव्हा शेतकऱ्यांचा रोख होता तो सावकारांच्या कागदांवर. कर्जरोखे हिसकावून ते जाळीत. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने पावती मागण्याचा आणि दरसाल हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोला दिला. ऋणकोला आपल्या कर्जाचा कागद समजला पाहिजे, ही गोष्ट त्या काळच्या परक्या सरकारलाही दंग्यानंतर का होईना, उमगली.

आम्हा निपाणीकरांना दर एकाच बाजूने ठरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. तंबाखू पिकवायचा शेतकऱ्याने आणि भाव सांगायचा व्यापाऱ्याने. मार्च-एप्रिल 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले आणि अखेर गोळीबारात प्राण गेले, ते ह्याच भावाच्या प्रश्नावर. त्या रक्ताशी कार्डाच्या व्याजाची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण 'भाव कोण ठरवणार आणि कोणाला विचारून ठरवणार' हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या पिढीने दाखवले. आमची पिढी मात्र अटींच्या खालची 'मान्य' ही खूण न वाचताच दाबते.

न वाचण्याचे खापर सर्वस्वी आमच्यावर फोडणेही बरोबर नाही. कार्डाच्या अटी सोप्या भाषेत असाव्यात, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असे रिझर्व्ह बँक म्हणते. ह्या 'शक्यतो'ने घात केला आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, कन्नड मी शाळेत आणि शेजारात शिकले, महाविद्यालयात इंग्रजी पुस्तकांतून वाणिज्य शिकते आहे. असे असूनही ती सूचना मला दोनदा वाचावी लागली. मग दहावी होऊन भट्टीवर काम करणाऱ्याने काय करावे? आपल्या ह्या भागात फलक कोणत्या भाषेत असावेत ह्यावर आपण हिरिरीने बोलतो. दादाच्या खिशाला हात घालणारी सूचना मराठीत नव्हती आणि कन्नडमध्येही नव्हती, ह्याबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. निदान ह्या एका मागणीवर मराठी विभाग आणि कन्नड विभाग यांचे एकमत होण्यास हरकत नसावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर बाकी असलेल्याने करायचे काय? मला जे सुचते ते सांगते.

पहिली गोष्ट, बाकी असेपर्यंत त्या कार्डावर खरेदी थांबवावी. पूर्ण रक्कम भरणाऱ्याला जे बिनव्याजी दिवस मिळतात, ते बाकी ठेवणाऱ्याला मिळत नाहीत. नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. कार्डावर रोख काढली तर व्याज नेहमीच पहिल्या दिवसापासून. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले आहे, त्यामुळे चहा-वड्याचे बिलसुद्धा नकळत उधारीत जाऊ शकते. वर्गमित्रांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, 'किमान देय रक्कम' हा आकडा आपल्यासाठी छापलेला नाही असे समजावे. तेवढी भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. हप्ता वाढवण्याने काय होते ते पाहा. दादाने 1,000 ऐवजी 2,000 भरले, तर नव्या दरानेही कर्ज साधारण चौदा महिन्यांत फिटते आणि एकूण सुमारे 27,000 रुपये लागतात. जुन्या दराने सुमारे 26,300 लागले असते. म्हणजे तीच पाव टक्क्याची वाढ, जी आधी सहा हजार सातशेला पडत होती, ती आता सातशेच्या आत आली. दर आपल्या हाती नाही, पण दराचा डंख किती खोल जाईल हे काही अंशी आपल्या हप्त्यावर अवलंबून आहे.

तिसरी गोष्ट, महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडावे. वर्षाला 15 टक्के दराने वीस हजार मिळाले, तर बारा हप्त्यांत महिन्याला सुमारे 1,805 रुपये भरून माणूस मोकळा होतो. एकूण व्याज सतराशेच्या आत. आपल्या जिल्ह्यात सहकारी सोसायट्यांची आणि सौहार्द संस्थांची वाण नाही. सावकारी व्याजावर उतारा म्हणूनच ही चळवळ जन्मली. 1905 साली गदगजवळच्या कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांनी सहकारी पतसंस्था उभी केली, ती देशातील पहिली मानली जाते. तिथे जाताना संस्थेचा दर, प्रक्रिया-शुल्क आणि विमा मिळवूनच तुलना करावी; नाहीतर आगीतून फुफाट्यात. माझ्या भावाने नोकरीच्या जागेच्या सोसायटीतून कर्ज काढले आणि कार्डाची बाकी एकरकमी भरली. त्याला ते शक्य झाले, कारण त्याची नोकरी कायम होती. रोजंदारीवरच्या माणसाला सोसायटीही लवकर दारात उभी करीत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणूनच हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या काटकसरीचा नाही, नियमाचा आहे.

चौथी गोष्ट, सूचना आल्यापासून जो एक महिना मिळतो त्यात गप्प बसू नये. बँकेला लेखी विचारावे, दर कमी करण्याची किंवा बाकी ठरावीक हप्त्यांत बसवण्याची विनंती करावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नेता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. केवळ दर जास्त आहे म्हणून लोकपाल तो उतरवील अशी आशा मी दाखवणार नाही. पण सूचनाच मिळाली नाही, शुल्कावर व्याज चढवले, बाकी चुकवूनही कार्ड बंद केले नाही, अशा गोष्टींना दाद मिळू शकते.

शेवटी आपल्या महाविद्यालयाकडे एक मागणे. चक्रवाढ व्याजाचे सूत्र आम्ही परीक्षेत बिनचूक लिहितो. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 नव्हे, व्याजावर व्याज धरता 51 टक्क्यांहून अधिक, हे वर्गात कोणी विचारले तर सांगूही. पण कार्डाचे एखादे खरे विवरणपत्र आमच्यापैकी कितीजणांनी ओळीओळीने वाचले आहे? वाणिज्य मंडळाने आठवड्यातून एक दिवस ग्रंथालयाच्या ओसरीवर एक टेबल मांडावे. ज्याला कार्डाची, सोसायटीची, मायक्रो फायनान्सची सूचना समजत नसेल, त्याने ती घेऊन यावे. आम्ही विद्यार्थ्यांनी ती त्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून द्यावी आणि हिशेब कागदावर मांडून हाती द्यावा. प्राध्यापकांनी तो तपासावा. ह्याला अनुदान लागत नाही, परवानगी तेवढी लागते. जुन्या उधारीला जुना दर, ही मागणी दिल्ली-मुंबईपर्यंत पोहोचायला वेळ लागेल. पाव टक्का म्हणजे नेमके किती रुपये, हे सांगायला मात्र पुढच्या सोमवारपासून सुरुवात करता येईल.